मिशनच्या नर्सबाई आणि गावची सुईण

आज नर्सबाईंचा इतिहास सांगते. राजा-राणीचा इतिहास शाळेत झाला, हा राहिलाय.

पहिला प्रश्न हाच, की आपल्याकडे सुरुवातीच्या नर्स इतक्या संख्येनं ख्रिस्तीच का होत्या? सेवाभाव होताच. पण दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. रक्त, वार, लघवी, परक्याचं अंग, हे सगळं विटाळाचं. बऱ्याच गावांत बाळंतपण करायचं ते खालच्या मानलेल्या जातीतल्या सुईणीनं. जीव तिच्या हातात द्यायचा, पण पाणी तिच्या हातचं प्यायचं नाही! अशा कामाला 'चांगल्या घरची' मुलगी कोण पाठवणार? मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिशनचं रुग्णालय उघडलं. तिकडे तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी 1909 साली नर्सचं शिक्षण सुरू केलं. मिशनच्या अशा ठिकाणी शिकायला आलेल्या कितीतरी मुली अनाथ, विधवा, नाहीतर नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या गरीब घरांतल्या होत्या. त्यांना पगार मिळाला, नावापुढे 'सिस्टर' लागलं. ज्या हातांना लोक शिवत नव्हते, त्याच हातांनी नाडी बघावी म्हणून लोक रांगेत बसू लागले. माझ्या मते ही लहान गोष्ट नव्हे.

स्वातंत्र्यानंतर खेड्यांसाठी कमी मुदतीचं शिक्षण हवं होतं. 1951 साली पंजाबातल्या सेंट मेरीज या मिशनच्याच रुग्णालयात सहायक नर्स-सुईणीचा, म्हणजे एएनएमचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. आज उपकेंद्रात बसतात त्या ताई याच परंपरेतल्या.

आता लहान दवाखान्यातला तिचा दिवस बघा, साधारण साठ-सत्तरच्या दशकातला. सकाळी छोटी प्रार्थना. मग स्टो पेटवायचा आणि काचेच्या सिरिंज, सुया पाण्यात खळखळ उकळायच्या. तेव्हा वापरून फेकायच्या सुया नव्हत्या. तीच सुई घासायची, उकळायची, बोथट झाली तर दगडावर धार लावायची. केसपेपर लिहायचे. गरोदर बाई आली की आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, आत पांढरंफटक दिसलं की रक्त कमी. पायावर बोट दाबायचं, खळगा राहिला तर सूज. लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवायची. वरचा भाग गढूळ झाला, आणि आम्लाचे दोन थेंब टाकूनही निवळला नाही, तर काळजी. शेवटी लाकडी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके मोजायचे. यंत्र म्हणाल तर एवढंच.

औषधापेक्षा तिचा जास्त वेळ बोलण्यात जायचा. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल नि अडेल" म्हणून बाया अर्धपोटी राहायच्या. पहिला चीक पिळून टाकायच्या. नाळ विळ्यानं कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं. मग आठवड्याच्या आत-बाहेर बाळाचं तोंड आवळायचं, दूध ओढता यायचं नाही, अंग ताठ व्हायचं. लोक म्हणत, बाहेरचं झालं. तो धनुर्वात होता. त्यावर उपाय म्हणजे आईला टोचायची लस, उकळलेलं ब्लेड, उकळलेला दोरा आणि साबणानं धुतलेले हात.

पण नर्सबाई एकटी, गावं अनेक. इथं जामखेडची गोष्ट येते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरला शिकलेलं. 1970 साली ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला आले. बेत असा, की गावोगावी एएनएम नेमायच्या. तो फसला. परगावची तरुण मुलगी गावात एकटी राहणार कशी? आणि जिनं स्वतः बाळंतपण पाहिलं नाही, तिचं सासवा का ऐकतील? नर्सना दोष देण्यात अर्थ नाही. आपण आपल्या लेकीला तसं एकटीला पाठवलं असतं का?

मग गावातलीच बाई निवडायची ठरलं. लग्न झालेली, लेकरंबाळं असलेली, बहुधा अक्षरओळख नसलेली. त्यांत दलित बाया होत्या, टाकलेल्याही होत्या. या बाया दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, शेजारी शेजारी झोपत, शिकत. कुणा कुणाला शेजारणीच्या ताटाजवळ बसणंच आधी जड गेलं, औषधांची नावं नंतर.

नर्सबाईचं काम बदललं ते इथं. पथकाबरोबर ती गावात जायची, पण आता पापणी ओढून बघायची ती गावची आरोग्य सेविका. नर्स शेजारी उभी राहून विचारायची, "काय दिसलं? आता काय करशील?" दोन वर्षं शिकून मिळवलेली विद्या निरक्षर बाईच्या हाती द्यायची, याला मोठं मन लागतं. शिकलेल्या माणसाला वाटतंच, हिला जमलं तर माझी किंमत काय? प्रत्यक्षात अडलेलं बाळंतपण ओळखून वेळेत दवाखान्यात पाठवणारी बाई गावात उभी राहिली, तेव्हाच नर्सला अवघड केसकडे नीट लक्ष देता आलं.

1975 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण छापून आलं. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 नंतर सरकारनं देशभर आशा नेमल्या. त्याही गावातल्याच, बहुतेक लग्न झालेल्या.

तुमच्या गटात कुणाची आजी सुईण असेल, तर तिला एकदा विचारून या: नाळ कशानं कापायची, आणि ब्लेड उकळायला तिला कुणी शिकवलं? पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.