उजेडातली चूक दुरुस्त करणारे गणित : श्रीखंडे आणि हॅडमार्ड संकेत

#थ्रेड

१/ नगरहून तिसगावला निघाले की वाटेत डोंगरावर सलाबतखानाची कबर दिसते; लोकांच्या तोंडी तो चांदबिबीचा महाल. समजा, तेथून आरशाच्या कवडशाने तिसगावला निरोप धाडायचा आहे. मध्ये करंजी घाट, म्हणून माथ्यावर आणखी एक आरसेवाला हवा. आणि मधेच ढग आला तर? ही कथा त्या ढगाची आहे.

२/ असे निरोप खरोखर दिले जात. हेन्री मान्स यांनी १८६९ मध्ये कराचीत हेलिओग्राफ सिद्ध केला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आरसा किंचित कलवून मोर्सच्या लिपीत लहान-मोठे लखलखाट पाठवायचे. शब्द कळल्याची खूण समोरून आली नाही, तर तोच शब्द पुन्हा. चुकीवर उपाय एकच : पुनरुक्ती.

३/ पण पुन्हा विचारण्याची सवड नसेल तर? ‘मका’ आणि ‘मळा’ यांत एकाच अक्षराचा फरक. ते बिघडले की अर्थ गेला. ‘पाथर्डी’तले एक अक्षर पुसले तरी गाव ओळखू येते. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये हेच गणितात मांडले : शब्द एकमेकांपासून पुरेसे दूर निवडा, म्हणजे बिघडलेला शब्दही आपल्या मूळ रूपाच्याच सर्वांत जवळ राहील.

४/ येथे एक मराठी नाव येते : शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७, सागर. शिक्षण नागपुरात. पुढे राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून १९५० मध्ये पीएच.डी.

५/ १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरचे १७८२ चे अनुमान खोटे ठरवले. प्रश्न होता लॅटिन चौकोनांच्या जोड्यांचा. वरवर पाहता निव्वळ कोडे. बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली.

६/ त्याच वर्षीचा बोस-श्रीखंडे यांचा दुसरा निबंध मात्र फारसा कुणाच्या स्मरणात नाही. विषय होता संकेतांची रचना, आणि साधन होते हॅडमार्ड मॅट्रिक्स : अधिक एक आणि उणे एक यांचा असा चौकोन, की कोणत्याही दोन ओळी निम्म्या जागी जुळतात, निम्म्या जागी भिन्न असतात.

७/ ३२ ओळींचा असा चौकोन घ्या. प्रत्येक ओळ आणि तिची उलट ओळ मिळून ६४ शब्द होतात. कोणतेही दोन शब्द किमान १६ जागी वेगळे. म्हणून ३२ पैकी ७ खुणा बिघडल्या, तरी मूळ शब्द निःसंशय सापडतो.

८/ श्रेय मोजूनच द्यावे. या विशिष्ट ३२ खुणांच्या संकेताकडे मुलर आणि रीड १९५४ मध्येच वेगळ्या वाटेने पोहोचले होते. बोस-श्रीखंडे यांनी दाखवले ते अधिक मूलभूत : असे मॅट्रिक्स आणि शब्दसंख्येची कमाल मर्यादा गाठणारे संकेत ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत.

९/ यंत्र पुढे आले. १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या मरिनर ९ ने ६ बिटांचा प्रत्येक गट ३२ बिटांत गुंफून रेडिओलहरींवर पाठवला. पृथ्वीवर ‘ग्रीन मशीन’ हे उपकरण तो उलगडी. आलेला शब्द प्रत्येक ओळीशी ताडायचा तर सुमारे १,००० बेरजा-वजाबाक्या. पाच टप्प्यांत वाटून केल्या की १६०. काटकसरीचे हे गणितच सर्किटात उतरले.

१०/ आता पुन्हा उजेडाकडे. एलईडी दिवा डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने उघडझाप करून माहिती पाठवू शकतो. २०११ च्या आय-ट्रिपल-ई ८०२.१५.७ मानकात त्यासाठी रीड-सॉलोमन आदी दुरुस्ती-संकेत आहेत. पण येथे एक अट वाढते : उजेड लुकलुकता कामा नये. म्हणून प्रकाश आणि अंधार समसमान ठेवावे लागतात, आणि त्यापायी जादा खुणा खर्ची पडतात.

११/ हॅडमार्डच्या त्या ६४ शब्दांपैकी दोन सोडले, तर प्रत्येकात १६ उजेड आणि १६ अंधार. समतोल अंगभूतच! नोशाद आणि ब्रँट-पिअर्स यांनी २०१६ मध्ये याच मॅट्रिक्सवर आधारलेली दृश्य प्रकाश-संदेशनाची पद्धत मांडली. तिच्यातही तीच टप्प्याटप्प्याची बेरीज-वजाबाकी आहे.

१२/ श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात आले आणि तेथील गणित विभाग त्यांनी उभा केला. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. त्यांनी ना दिवा बनवला, ना यंत्र. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आपण शुद्ध गणिताला फार लवकर विचारतो. या एका चौकोनाचे उत्तर मंगळापर्यंत जाऊन आले, आणि आता घरातल्या दिव्याशी येऊन थांबले आहे.