चान्या आणि स्टेक : आपल्या चुलीवरच्या मांसाचा इतिहास

मागच्या उन्हाळ्यात पुण्यात शिकणारा माझा भाचा शहागडला आला होता. मोबाइलवर तो स्वयंपाकाचा एक व्हिडिओ पाहत होता. तापलेला लोखंडी तवा, त्यावर दोन बोटं जाडीचा मांसाचा काप, वरून लोण्याचा गोळा. "आत्या, याला बीफ स्टेक म्हणतात. आपल्या घरी असं कधी करायचे का?" मी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "आपल्यात चान्या असायच्या." एवढं बोलून तिनं दाराकडं पाहिलं. कुणी ऐकत तर नाही ना!

नव्वदीला टेकलेल्या बाईला स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईच्या हातच्या जेवणाबद्दल बोलताना दाराकडं का पाहावं लागतं? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास आपणच नीट सांगत नाही.

आधी स्टेक म्हणजे काय ते पाहू. जनावराच्या पाठीच्या कण्यालगतचं मांस सगळ्यात मऊ असतं, कारण त्या भागाला सगळ्यात कमी काम पडतं. तिथला जाड काप घ्यायचा, पुसून कोरडा करायचा, मीठ लावायचं, धूर येईपर्यंत तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं भाजायचा आणि कापण्याआधी पाच मिनिटं तसाच ठेवायचा. एवढ्यात तो शिजतो, कारण जनावर कोवळं असतं आणि मांसासाठीच पोसलेलं असतं.

आता चानी. महारवाड्यात आणि मांगवाड्यात जे जनावर यायचं ते दहा-बारा वर्षं नांगर, मोट आणि गाडी ओढून थकून मेलेलं असायचं. कष्ट केलेल्या स्नायूत चिवट तंतू वाढतात. ते दोन-तीन मिनिटांत मऊ होत नाहीत, त्यांना मंद आचेवर तासन्‌तास शिजवावं लागतं. शिवाय अख्खं जनावर एकदम येणार आणि पुढचं कधी येणार याचा भरवसा नाही. म्हणून मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या काढायच्या, मीठ लावायचं आणि दोरीवर कडक उन्हात वाळवायच्या. पाणी निघून गेलं की मांस सडत नाही, महिनोन्‌महिने टिकतं. घरात काही नसेल त्या दिवशी चानी निखाऱ्यावर भाजायची, किंवा भिजवून, कांदा-मिरची-मीठ घालून शिजवायची आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची. तेल नावालाच. वजडी, रक्ती, काहीच वाया जायचं नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या स्वयंपाकाची तपशिलवार नोंद केली आहे. पुस्तकाचं नावच 'पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांना उत्तर आहे.

म्हणजे स्टेक आणि चानी यांतला फरक चवीचा नाही, जातीच्या उतरंडीतल्या जागेचा आहे. बैल जिवंत असेपर्यंत पाटलाचा, मेला की महाराचा! आणि तोही भेट म्हणून नव्हे, तर मेलेलं ढोर ओढून नेण्याच्या सक्तीच्या कामाचा मोबदला म्हणून. आमच्या आज्यांनी या सक्तीतूनही पोट भरण्याचं एक शास्त्र उभं केलं. त्या शास्त्राचा आदर करू या, पण सक्तीला संस्कृती म्हणू नका.

नेमकी हीच गोष्ट बाबासाहेबांनी ओळखली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, शिळंपाकं मागणं सोडा, अशी हाक दिली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण ही हाक सरहद्दीवर थांबली नाही. आमच्या घरात आजीच्या सासऱ्यांनी ढोर ओढायला नकार दिला. आजी सांगते, त्या वर्षी घरात खायला कमी होतं, पण सासऱ्यांनी शब्द मोडला नाही. नुकसान होतं, हे बाबासाहेबांनाही ठाऊक होतं. कातडं, शिंगं, हाडं सोडल्यानं महारांचा किती तोटा होतो, याचा हिशेब 'केसरी'तून मांडला गेला होता, याची आठवण त्यांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात काढली. तोटा सोसून माणूसपण घ्यायचं, असा तो सौदा होता.

इथं काही अभ्यासक म्हणतात, हे तर संस्कृतीकरण झालं, म्हणजे खालच्या जातीनं वरच्या जातीच्या चालीरीती उचलणं. मला हे मान्य नाही. वरच्या जातीची नक्कल करायची असती तर महाडचा समाज देवळात जाऊन गाईला नमस्कार करून आला असता. तो चवदार तळ्यावर गेला. बाबासाहेबांनी मांस अपवित्र आहे असं म्हटलं नाही. जातीनं लादलेलं काम आणि त्या कामाची मजुरी म्हणून मिळणारं मढं नाकारा, असं म्हटलं. आजीच्या शब्दांत, "मेलेलं सोडलं, विकत आणलेलं नाही."

पुढं १९४८ साली बाबासाहेबांचा अस्पृश्यतेच्या उगमावरचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ आला. त्यात त्यांनी ब्राह्मणी परंपरेच्याच ग्रंथांचे दाखले देऊन दाखवलं की वैदिक काळात गोमांस खाल्लं जात होतं. पाहुण्याला 'गोघ्न' म्हणत, म्हणजे ज्याच्यासाठी गाय मारली जाते तो! यज्ञातल्या गोहत्येला तथागतांचा विरोध होता. सुत्तनिपातातलं ब्राह्मणधम्मिक सुत्त वाचा, त्यात हेच आहे. बाबासाहेबांची मांडणी अशी की बौद्ध धम्माचा लोकांवरचा प्रभाव मोडण्यासाठी ब्राह्मणांनी पुढं मांसाहारच सोडला आणि गाय पवित्र केली. गावाबाहेर राहणारे, गरिबीमुळं मेलेल्या गाईचं मांस खात राहिलेले विखुरलेले लोक, जे बौद्ध होते, ते अस्पृश्य ठरले. हा काळ त्यांनी इसवी सन ४०० च्या सुमाराचा मानला. १९११ च्या जनगणनेत काही जातींना वेगळं काढण्यासाठी ज्या कसोट्या लावल्या, त्यांत 'गोमांस खातात' ही एक होती, याकडंही ते लक्ष वेधतात. म्हणजे ताटावरून जात ठरवणं हा जुनाच धंदा आहे.

आणि आज? महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९९५ मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९७६ च्या कायद्यात गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. आता बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो यात डोकावण्याचा अधिकार राज्याला नाही, हे त्यामागचं सूत्र. त्या निकालाविरुद्ध अपिलं सर्वोच्च न्यायालयात गेली. आजीनं दाराकडं पाहिलं ते उगाच नाही.

या बंदीचा भार कुणावर पडला? कुरेशी समाजाचा धंदा बसला. भाकड बैल विकून नवा घेणाऱ्या शेतकऱ्याचा आधार गेला. आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त प्रथिन गेलं.

या वादात आपल्या विरोधकांचा एक युक्तिवाद ठरलेला असतो : "तुमच्या बाबासाहेबांनीच सोडायला सांगितलं होतं ना?" त्यांना ठणकावून सांगा, बाबासाहेबांनी गुलामीचं मढं सोडायला सांगितलं. तो निर्णय समाजानं स्वतः घेतला, पोलिसाच्या दंडुक्यानं नाही. स्वतःहून सोडणं आणि हिसकावून घेतलं जाणं यांत स्वातंत्र्य आणि गुलामीइतकं अंतर आहे.

पण आपल्यालाही एक सांगायचंय. आपल्यातले काही शिकले-सवरलेले लोक आता 'आम्ही कधी खाल्लंच नाही' म्हणतात. सोसायटीत घर घेताना, मुलीचं स्थळ पाहताना आजीचा इतिहास लपवतात. संस्कृतीकरण असेल तर ते हे आहे! दुसरीकडं काही तरुण चान्यांचा फक्त अभिमान सांगतात, त्यामागची उपासमार सांगत नाहीत. दोघंही अर्धंच सांगतात. ज्याला खायचं नाही त्यानं खाऊ नये, बौद्ध म्हणून कुणी शाकाहारी झाला तर त्याचाही आदर आहे. पण ते लाजेपोटी नको.

भाच्यानं शेवटी हट्टानं रेड्याचं मांस आणलं, त्याला या कायद्यात बंदी नाही. व्हिडिओत पाहिल्याप्रमाणं जाड काप तव्यावर भाजला. चावता चावेना. आजी हसली. म्हणाली, "आरं, हे राबलेलं जनावर हाय. बारीक काप, कच्ची पपई लाव, झाकण ठेव अन् वाट बघ." दुसऱ्या दिवशी तसं केलं, तेव्हा ते जमलं. मग त्यानं वहीत आजीकडून चान्यांची कृती उतरवून घेतली. मीठ किती, ऊन किती दिवस, दोरी कुठं बांधायची, आणि शेवटी, हे जनावर घरी का यायचं आणि आपण ते आणणं का बंद केलं.

तुमच्याही घरात अशी आजी असेल तर आजच वही घेऊन बसा. कृतीही लिहा आणि कारणही लिहा. ती पिढी आता फार दिवस राहणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!