पेन्सिलीने माप घेण्याची कुळकथा

शहापूर-बेळगावकडचा चित्रकलेचा विद्यार्थी पेन्सिल हातभर लांब धरतो, एक डोळा मिटतो आणि समोरच्या घागरीची उंची तिच्या रुंदीशी ताडून पाहतो. मग डोळे किलकिले करून उजेड आणि सावली असे दोनच मोठे भाग पाडतो; बारकावे नंतर. ही युक्ती फ्रेंचांनी शोधली नाही, ती कितीतरी जुनी. पण तिचा पायरीपायरीचा अभ्यासक्रम करण्यात पॅरिसच्या ऐतिहासिक चित्रकारांचा मोठा वाटा आहे. पॉल देलारोशचा शिष्य जेरोम १८६४ पासून सुमारे चाळीस वर्षे तिथल्या सरकारी कलाशाळेत शिकवत होता. त्याच्या सहकार्याने शार्ल बार्गने १८६६ ते १८७१ या काळात १९७ नमुनाचित्रे काढली. त्यांतल्या अनेकांत एका बाजूला सरळ रेषांचा ढोबळ सांगाडा आहे, तर शेजारी छायाप्रकाशासह पुरे झालेले चित्र. जेरोमच्या चित्रांचा दबदबा ओसरला, पण त्याची शिकवण्याची रीत टिकली.

यावर कोणी म्हणेल, १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची शिस्त तर लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन कलाशाळेची. तिथे पॅरिस कुठून आले? सुरुवातीपुरता हा आक्षेप खरा आहे, कारण साऊथ केन्सिंग्टनचा भर नक्षीकामावर होता. मात्र १८४३ मध्ये देलारोशने पॅरिसमधली आपली चित्रशाळा बंद केल्यावर त्याचे विद्यार्थी चित्रकार ग्लेअरने सांभाळले. या ग्लेअरकडे शिकलेला एडवर्ड पॉयंटर १८७५ ते १८८१ साऊथ केन्सिंग्टनचा प्रमुख होता आणि जिवंत मॉडेलवरून रेखाटण्याची फ्रेंच पद्धत त्याने तिथे रुजवली. जे. जे.त शिकवणारे लॉकवुड किपलिंग त्याचे साडू. अर्थात नाते म्हणजे पुरावा नव्हे. पुढे १८९० ते १९३१ जे. जे.त आधी शिकलेल्या, मग शिकवलेल्या चित्रकार धुरंधरांनी ऐतिहासिक चित्रांतून शिवकाल रंगवला. बेळगावात के. बी. कुलकर्णींनी वास्तववादी चित्रणाची परंपरा जोपासली. चित्रकार रवी परांजपे त्यांचेच शिष्य.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: अशा कवायतीने कल्पकता मरते. पण मोने, रन्वार, सिस्ले आणि बाझीय हे चित्रकार ग्लेअरच्याच वर्गात एकत्र आले आणि तिथून बाहेर पडून वेगळ्या वाटेने गेले. मोजमापाने त्यांचे पाय बांधले नाहीत. खरा दोष उतरंडीचा आहे: ऐतिहासिक चित्र सर्वांत वर आणि पिंगुळीच्या चित्रकथी या लोककलेची रेषा पार खाली, हा समजही त्याच परंपरेबरोबर आला. तेव्हा वर्गातून माप काढून टाकू नये, उतरंड तेवढी मोडावी. आणि चित्रकथीलाही घागरीइतकेच गुण द्यावेत.