आधी काळजी, मग बाग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी गेली काही वर्षे सकाळी फिरायला जातो. एकदा सुट्टीत नात बरोबर होती. पाटीवरचे ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’ हे नाव तिने मोठ्याने वाचले आणि विचारले, ‘‘आजोबा, ओकायामा म्हणजे कोण?’’ मी म्हटले, ‘‘कोण नव्हे गं, गाव आहे जपानमधले.’’ ‘‘मग त्या गावाची बाग इथे कशाला?’’ याचे उत्तर मला देता आले नाही. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला नातीपुढे गप्प बसावे लागले. त्या दिवसापासून मी ओकायामाच्या मागे लागलो. जे हाती आले, त्यातले थोडे आज तुम्हाला सांगतो.

ओकायामा हे पश्चिम जपानमधले एका प्रांताचे मुख्य ठिकाण. टोकियो-क्योटोसारखा त्याचा बोलबाला नाही. मात्र जपानमधल्या ज्या तीन बागा सर्वांत सुंदर मानतात, त्यांतली एक इथे आहे. तिचे नाव ‘कोराकुएन’. आपली पुण्याची बाग तिच्यावरूनच बेतली आहे. आपली सुमारे दहा एकरांची, तर मूळची तेहेतीस एकरांच्या घरात. मराठी वाचकाला ‘पूर्वरंग’मधून जपान दाखवणाऱ्या पुलंचे नाव आपल्या बागेला मिळाले, हाही योग छानच.

कोराकुएनचे काम १६८७ मध्ये सुरू झाले आणि मुख्य बाग १७०० मध्ये पुरी झाली. ती करवून घेतली तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याने. किल्ल्याच्या पलीकडच्या तीराला, नदीच्या कुशीत. बाग सरदाराची खासगी; पण ठरावीक दिवशी सामान्य माणसांनाही आत यायची मुभा असे. पुढे १८८४ मध्ये ती प्रांताच्या ताब्यात आली आणि सर्वांना खुली झाली.

मला खरी गंमत वाटली ती नावाची. १८७१ मध्ये बागेला हे नाव मिळाले. त्याच्यामागे एक जुने चिनी वचन आहे. त्याचा आशय असा, की राज्यकर्त्याने लोकांच्या आधी काळजी करावी आणि लोकांच्या नंतर सुख भोगावे. ‘कोराकु’ म्हणजे हे नंतरचे सुख. तुम्ही म्हणाल, सरदारांच्या बागांना अशी गोड नावे देणारे पुष्कळ असतात. मलाही तसेच वाटले होते. पण बाग बांधणाऱ्या माणसाची हकीकत वाचली आणि मत बदलले.

त्याचे नाव त्सुदा नागातादा. इकेदांच्या पदरी असलेला कारभारी. पण त्याच्याकडे वळण्याआधी नदीची गोष्ट सांगायला हवी. ओकायामातून असाही नावाची नदी वाहते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उकिता हिदेई या सरदाराने तिथे काळ्या भिंतींचा किल्ला बांधला. लोक त्याला ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणतात. किल्ल्याला खंदक हवा म्हणून त्याने नदीचा प्रवाह वळवून किल्ल्याला वळसा घालायला लावला. किल्ल्याची सोय झाली, पण शहराच्या गळ्यात पुराची धोंड पडली. ज्या पाण्याला सरळ जायचे, त्याला वळण दिले की ते कधी ना कधी आपली वाट शोधतेच. १६५४ मध्ये नदीने शहर बुडवले आणि पुरामागून उपासमार आली.

आता त्या वेळच्या सरदारापुढे, म्हणजे त्सुनामासाचा बाप मित्सुमासा याच्यापुढे प्रश्न उभा राहिला. नदी जुन्या जागी नेणे शक्य नव्हते. तेव्हा एक युक्ती निघाली. शहराच्या वरच्या बाजूला नदीच्या बांधाचा एक भाग मुद्दाम सखल ठेवायचा. पाणी चढले की ते तिथून बाहेर पडेल आणि वेगळ्या रुंद पात्रातून शहराला वळसा घालून समुद्राला मिळेल. हे पात्र म्हणजे ‘ह्याक्केन-गावा’. नावाचा अर्थ शंभर ‘केन’ रुंदीची नदी. एक केन म्हणजे सुमारे सहा फूट. हे काम तडीस नेले ते त्सुदाने, १६८० च्या दशकात.

तारखा जुळवून पाहा. पुराचे पात्र पुरे होत आले आणि लगोलग १६८७ मध्ये त्याच त्सुदाच्या देखरेखीखाली बागेचे काम सुरू झाले. आधी काळजी, मग बाग. नाव मागाहून ठेवले गेले असेल, पण क्रम खरोखरच तसा होता.

याच त्सुदाने मित्सुमासाच्या आज्ञेवरून आणखी एक काम केले. ओकायामापासून काही अंतरावर डोंगरात शिझुतानी नावाची शाळा बांधली. १६७० ची गोष्ट. केवळ सरदार-दरकदारांच्या नव्हे, तर शेतकऱ्यांच्या, सामान्यांच्या मुलांसाठीही ही शाळा होती. उद्या सरदार बदलला तर शाळेचे काय, हा विचारही झाला. म्हणून शाळेच्या नावाने वेगळी शेती आणि वेगळे रान तोडून दिले. शाळेचे सभागृह आजही उभे आहे. १७०१ मध्ये बांधलेले, आणि आता जपानचा राष्ट्रीय ठेवा.

ओकायामाची तिसरी गोष्ट आपल्या जवळची आहे. इशिई जुजी नावाचा तरुण तिथे वैद्यकी शिकायला आला होता. १८८७ मध्ये एका यात्रेकरू बाईने आपले मूल त्याच्या हवाली केले. त्या एका मुलापासून त्याचा अनाथाश्रम उभा राहिला. दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही, असे वाटून १८८९ मध्ये त्याने आपली वैद्यकीची पुस्तके जाळून टाकली. पुढे १९०६ मध्ये उत्तर जपानात दुष्काळ पडला, तेव्हा त्याने तिकडची आठशेहून अधिक मुले आणली. आश्रमात बाराशे लेकरे झाली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे अनाथसेवक जॉर्ज म्युलर हा त्याचा आदर्श.

आता आपल्याकडे पाहा. त्याच १८८९ च्या आरंभी पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतल्या, त्याही जपानमार्गे! मार्चमध्ये त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमार झालेल्या शेकडो मुली केडगावला आणल्या. त्यांच्याही मनावर म्युलरच्या चरित्राचा ठसा होता. ओकायामा आणि केडगाव. एकच ओढ दोन ठिकाणी, एकाच काळात दुष्काळातल्या लेकरांना पोटाशी धरत होती. पुणे आणि ओकायामाचा करार व्हायला अजून शंभर वर्षे होती.

२९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकी विमानांनी ओकायामावर आगीचा पाऊस पाडला. धोक्याचा भोंगासुद्धा वाजला नाही. सतराशेहून अधिक माणसे गेली. काळा किल्ला जळाला, बागेतल्या इमारती जळाल्या. त्या काळात बागेतले क्रौंच पक्षीही नाहीसे झाले. लाल टोपीचे हे पांढरे क्रौंच तिथे सरदारांच्या वेळेपासून पाळले जात.

१९५५ मध्ये चीनमधून एक पाहुणा आला. ग्वो मोरुओ, मोठा कवी आणि विद्वान. तरुणपणी तो ओकायामातच उच्च शिक्षण घेत होता. मधल्या काळात जपानने त्याच्या देशात काय केले, ते जगाला ठाऊक आहे. चीन आणि जपान यांचे राजनैतिक संबंधही तेव्हा नव्हते. ते जुळले १९७२ मध्ये. पाहुण्याने पाहिले, किल्ला नाही आणि क्रौंचही नाहीत. पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, त्याने चीनमधून क्रौंचांची एक जोडी पाठवून दिली. सरकारांना जे सोळा वर्षांनी जमले, ते दोन पाखरांनी आधीच करून ठेवले.

जळालेला किल्ला १९६६ मध्ये नव्याने उभारला गेला. बाग जुन्या चित्रांवरून आणि नकाशांवरून पूर्ववत केली. तिच्यात भाताचे खाचर आहे, चहाचा मळा आहे. दरवर्षी जूनमध्ये तिथे गाणी म्हणत भातलावणी होते. सरदाराच्या बागेत शेतकऱ्याचे खाचर, हेही त्या नावाला शोभणारेच.

श्रोतेहो, आता शेवटची गोष्ट. जुलै २०१८ मध्ये पश्चिम जपानात भयंकर पाऊस झाला. दोनशेहून अधिक माणसे दगावली. ओकायामा प्रांतातल्याच कुराशिकी शहरात बांध फुटून पन्नासहून अधिक जीव गेले. त्या रात्री असाही नदीचे चढलेले पाणी त्सुदाच्या ह्याक्केन-गावात वळले आणि शहराचा मुख्य भाग वाचला. सव्वातीनशे वर्षांपूर्वी केलेली काळजी त्या रात्री कामी आली.

त्यानंतर तीनच महिन्यांत, २७ सप्टेंबर २०१८ ला, पुण्यात मुठा उजव्या कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटली आणि गरिबांच्या वस्त्यांत पाणी शिरले. आपल्या बागेत खेळणारे पाणी कालव्याचेच. १९६१ चा पानशेत पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या काळजात त्या दिवशी धस्स झाले.

नातीला आता मी उत्तर दिले आहे. म्हटले, ‘‘बाळ, त्या गावाने आपल्याला बागेचा अर्धाच भाग दिलाय. झाडे, हिरवळ, पूल, पाणी, हा नंतरच्या सुखाचा. आधीच्या काळजीचा भाग कुणी कुणाला भेट देऊ शकत नाही. तो ज्याचा त्याने करायचा.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘आजोबा, हे पाटीवर का नाही लिहिलं?’’

याचे उत्तर मात्र माझ्याकडे अजून नाही.