जखम भरूं नये म्हणून

जखम लवकर भरावी अशीच इच्छा रोगी व वैद्य दोघेही करितात. परंतु एक शस्त्रक्रिया अशी आहे कीं, जखम पुरती भरली म्हणजे ती फसली असें समजावें. ती शस्त्रक्रिया काचबिंदूची. आजच्या भाषणांत तिचाच इतिहास आपणांस थोडक्यांत सांगावयाचा आहे.

मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें. तें काढलें कीं दृष्टि परत येते. काचबिंदूंत मात्र बहुधा डोळ्यांतील पाण्याचा निचरा अडतो, दाब वाढतो आणि दृष्टीचा मज्जातंतु हळूहळू मरतो. गेलेली दृष्टि परत मिळत नाहीं. उरलेली राखणें एवढेंच हातीं असतें. म्हणून पाण्याला नवी वाट करून देण्याची कल्पना निघाली. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे डॉ. रॉबर्ट हेन्री एलियट यांनीं १९०९ सालीं बुबुळाच्या कडेशीं बारीक गोल छिद्र पाडण्यास आरंभ केला. १९६८ सालीं केंब्रिजच्या डॉ. जॉन केअर्न्स यांनीं अशा वाटेवर पांढऱ्या पडद्याचेंच झांकण ठेवण्याची पद्धति सांगितली.

शरीर मात्र या वाटेला जखमच समजतें. तेथें वण धरतो आणि वाट बुजते. मोतीबिंदुही त्याच वेळीं काढला, तर वृद्ध रोग्याची दुसरी खेप वांचते. पण डोळ्याचा दाह वाढतो आणि वणही अधिक धरतो.

यावर उपाय सांपडला तो कर्करोगाच्या औषधांत. फ्लुओरोयुरॅसिल हें १९५७ सालीं अमेरिकेंत चार्ल्स हायडेलबर्गर यांनीं पुढें आणलें. मायटोमायसीन त्याच दशकांत जपानांत एका सूक्ष्मजंतूपासून मिळालें. दोन्ही औषधें पेशींची वाढ रोखतात. तैवानांत डॉ. चेन यांनीं १९८३ सालीं काचबिंदूच्या शस्त्रक्रियेंत मायटोमायसीन वापरल्याचें प्रसिद्ध केलें. फ्लुओरोयुरॅसिलची अमेरिकेंत २१३ रोग्यांवर परीक्षा झाली. या रोग्यांचा मोतीबिंदु पूर्वीं काढलेला होता किंवा काचबिंदूची पहिली शस्त्रक्रिया फसली होती. १९८९ सालीं निष्कर्ष निघाला: औषधावांचून वर्षभरांत निम्म्या शस्त्रक्रिया फसल्या, औषधानें चौथाईहून थोड्या अधिक. परंतु दोन्ही बिंदूंच्या जोडशस्त्रक्रियेंत फ्लुओरोयुरॅसिलचा तसा लाभ स्पष्ट दिसला नाहीं, मायटोमायसीनचा दिसला.

त्याचा बोळा कांहीं मिनिटें ठेवून जागा भरपूर पाण्यानें धुतात. मात्रा अधिक झाली, तर वाट फार मोकळी राहून डोळा मऊ पडतो. वरचें आवरण विरून गळूं लागतें आणि कांहीं वर्षांनींही जंतु आंत शिरूं शकतात. म्हणून अशा डोळ्याला लाली, वेदना वा पू दिसतांच, शस्त्रक्रिया कितीही जुनी असो, त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. घरांतील वडील मंडळींना ही गोष्ट अवश्य सांगून ठेवावी.