अमर्यादित जबाबदारी : रायफायझन पतसंस्थेतील ख्रिस्ती नीतिविचार आणि भारतातील सहकारी कायदा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास लिहिताना १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा हा आरंभबिंदू मानण्याची प्रथा आहे. हा कायदा जर्मनीतील रायफायझन पद्धतीवर आधारलेला होता, असे एक वाक्य पाठ्यपुस्तकांत आढळते आणि विवेचन पुढे सरकते. रायफायझन ही केवळ पतपुरवठ्याची तांत्रिक पद्धत नव्हती. शेजाऱ्याविषयीचे कर्तव्य, व्याज आणि दान यांविषयीच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती धारणेतून ती घडली होती. त्या धारणेतून निर्माण झालेला नियम पुढे एका परकीय सरकारने कायद्याच्या कलमात बसविला आणि दख्खनच्या शेतकऱ्याला लागू केला. प्रस्तुत निबंधात या स्थलांतराचा, विशेषतः 'अमर्यादित जबाबदारी' या तत्त्वाच्या प्रवासाचा, विचार केला आहे.

दानाकडून पतसंस्थेकडे

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी ऱ्हाइन प्रांतातील हाम या गावी झाला. सैन्यातील नोकरी डोळ्यांच्या विकारामुळे सोडावी लागल्यानंतर ते मुलकी सेवेत आले आणि १८४५ मध्ये वेस्टरवाल्ड या डोंगराळ, निकस जमिनीच्या भागातील वायरबुश गटाचे महापौर झाले. महापौर या शब्दाने आज डोळ्यांसमोर येणारे चित्र येथे उपयोगाचे नाही. काही खेड्यांच्या गटाचा तो पगारी प्रशासक होता. १८४६-४७ च्या दुष्काळात सरकारकडून धान्य आले, पण ते रोख पैशानेच विकावे असा हुकूम होता. ज्यांना धान्याची गरज होती त्यांच्याकडे रोकड नव्हती. रायफायझन यांनी हुकूम बाजूला ठेवून धान्य उधारीवर दिले, गावातील सधन लोकांकडून निधी उभारला, सामुदायिक भट्टी बांधली आणि स्वस्त पाव उधारीवर पुरविला. एका अधिकाऱ्याने शासकीय आदेशापेक्षा धर्मकर्तव्य श्रेष्ठ मानले, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. कारण त्यांच्या पद्धतीचा भारतात प्रवेश झाला तो शासकीय आदेशाच्याच रूपाने.

१८४९ मध्ये फ्लामर्सफेल्ड येथे त्यांनी साहाय्यक मंडळ स्थापन केले. सुमारे ६० सुस्थित रहिवाशांनी हमी दिली, त्या हमीवर कर्ज काढून गुरे विकत घेतली गेली आणि ती गरीब शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांनी देण्यात आली. गुरांच्या व्यापाऱ्याकडे गोठ्यातील जनावर गहाण पडण्याची जी रीत होती, तिला हा पर्याय होता. १८५४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे काढलेल्या मंडळाने कर्जाबरोबरच अनाथ मुलांची देखभाल आणि तुरुंगातून सुटलेल्यांना काम देणे हीही उद्दिष्टे ठेवली.

या सर्व मंडळांची रचना एकच होती. श्रीमंत देणारे, गरीब घेणारे. ती टिकली नाही. सधन सभासदांचा उत्साह काही वर्षांत ओसरला. ज्या कर्जाचा उपभोग आपण घेत नाही त्याची जोखीम वर्षानुवर्षे वाहणे त्यांना नकोसे झाले. रायफायझन यांना हा अनुभव मनापासून स्वीकारणे जड गेले असावे, कारण शेजाऱ्यावरील प्रीती हाच त्यांच्या विचाराचा पाया होता. तथापि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फचे मंडळ कर्जसंस्थेत रूपांतरित झाले आणि कर्ज घेणाऱ्यानेच सभासद व्हावे, जोखीमही त्यानेच वाहावी असा नियम आला. १८६६ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीची मांडणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे दृष्टी जवळजवळ गेल्यावर त्यांची कन्या अमाली ही त्यांची लेखनिक बनली.

नियमांमागील नीतिविचार

रायफायझन संस्थेचे क्षेत्र एका धर्मग्रामापुरते, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीपुरते मर्यादित असे. (वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजात हा शब्द आजही रूढ आहे.) सर्व सभासद एकमेकांना ओळखतात, कोण कष्टाळू आणि कोण व्यसनी हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून तारणाऐवजी चारित्र्यावर कर्ज देता येते. हिशेबनीस वगळता सर्व पदाधिकारी विनावेतन काम करीत. लाभांश वाटला जात नसे. नफा अविभाज्य राखीव निधीत जाई आणि त्या निधीवर कोणाही सभासदाचा वैयक्तिक हक्क नसे. या सर्वांचा कणा म्हणजे अमर्यादित जबाबदारी. संस्था बुडाली तर प्रत्येक सभासद आपल्या संपूर्ण मालमत्तेनिशी देणेकऱ्यांना बांधलेला असे.

आर्थिक दृष्टीने या नियमाचे समर्थन सोपे आहे. ज्याच्याजवळ भागभांडवल नाही त्या शेतकऱ्यांची एकत्रित मालमत्ता हीच ठेवीदारासाठी हमी ठरते, आणि शेजाऱ्याच्या कर्जावर नजर ठेवण्याचे प्रत्येकाला कारण मिळते. आजच्या अर्थशास्त्रात परस्पर देखरेख या नावाने हाच युक्तिवाद पुन्हा केला जातो. रायफायझन यांच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ वेगळा होता. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अगदी कनिष्ठ बांधवासाठी केलेली सेवा ही प्रभूचीच सेवा मानली आहे. त्या शिकवणीचे ते व्यावहारिक रूप होते. पैसा हे साधन, सभासदाची नैतिक उन्नती हे साध्य, असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहामुळेच त्यांचा हरमान शुल्झ-डेलिट्श यांच्याशी प्रदीर्घ वाद झाला. शुल्झ-डेलिट्श हे उदारमतवादी, शहरी कारागीर व दुकानदारांच्या बँकांचे प्रवर्तक. भाग, लाभांश, अल्प मुदतीची कर्जे आणि निखळ स्वावलंबन ही त्यांची सूत्रे. शेतकऱ्याला दीर्घ मुदतीचे कर्ज आणि ठेवीदाराला हवी तेव्हा रक्कम, हा मेळ बसणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. माझ्या मते तो निराधार नव्हता. रायफायझन यांनी १८७० च्या दशकात मध्यवर्ती बँकेची जी उभारणी केली, ती एका अर्थाने या आक्षेपाची कबुलीच होती. ११ मार्च १८८८ रोजी ते निवर्तले तेव्हा त्यांच्या महासंघात चारशेहून अधिक संस्था होत्या. दुसऱ्याच वर्षी झालेल्या जर्मन सहकारी कायद्याने मर्यादित जबाबदारीला मुभा दिली.

याच संदर्भात एका अप्रिय बाबीचा उल्लेख करावा लागतो. जर्मन खेड्यांतील व्याजखोरीविरोधी चळवळीला ज्यूद्वेषाची किनार होती, आणि रायफायझन स्वतःही त्यापासून मुक्त नव्हते हे अलीकडच्या अभ्यासांनी दाखविले आहे. 'शेजारी' कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या गावात सर्वांसाठी सारखे नव्हते. मूळ आदर्शाचे गुणगान करताना ही मर्यादा सहसा गाळली जाते.

कायद्याच्या वाटेने भारतात

दख्खनमध्ये प्रश्न आधीच पेटलेला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर होता, आणि हल्ल्याचे लक्ष्य मुख्यतः मारवाडी व गुजराती सावकार होते. येथेही 'उपरा' सावकार आणि 'आपला' सावकार असा भेद होताच. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जव्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला, पण नवा पतपुरवठा निर्माण केला नाही. सर विल्यम वेडरबर्न यांनी न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या सहकार्याने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. ती लंडनमध्ये नामंजूर झाली. सरकारने १८८३ व १८८४ च्या तगाई कायद्यांवर समाधान मानले.

मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील शेतकी बँकांच्या अभ्यासासाठी नेमले. त्यांचा अहवाल १८९५ व १८९७ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. या विस्तृत अहवालाच्या सल्ल्याचे सार इतकेच होते की, भारताने आपला रायफायझन शोधावा. निकल्सन यांचा रोख पद्धतीइतकाच माणसाकडे होता. खेड्यात राहणारा, लोकांचा विश्वास लाभलेला, विनावेतन झटणारा कोणीतरी असल्याशिवाय ही संस्था उभी राहणार नाही, हे त्यांनी जाणले होते.

१९०४ च्या कायद्याने माणसाच्या जागी पद निर्माण केले. ते पद म्हणजे निबंधकाचे. ग्रामीण संस्थेसाठी अमर्यादित जबाबदारी हा सर्वसाधारण नियम ठरला. नफा राखीव निधीत जावा, कर्ज सभासदांनाच मिळावे, क्षेत्र लहान असावे, ही सर्व हेडेसडॉर्फची वैशिष्ट्ये कलमांत उतरली. मुंबई इलाख्यातील पहिली ग्रामीण पतसंस्था १९०५ मध्ये तत्कालीन धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या प्रयत्नांनी मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली आणि १९१२ च्या कायद्याने बिगर-पतसंस्थांनाही मान्यता दिली.

१९१२ च्या कायद्यातील एक तरतूद मात्र विशेष विचारार्ह आहे. अमर्यादित जबाबदारीच्या संस्थेचे सभासद एकाच गावचे वा गावांच्या गटातील असावेत, अथवा ते एकाच जमातीचे, वर्गाचे, जातीचे किंवा व्यवसायाचे असावेत, असा पर्याय तेथे होता. ज्या परस्परविश्वासासाठी रायफायझन यांनी धर्मग्रामाचा आधार घेतला, त्यासाठी भारतातील कायदेकर्त्यांना जात हाताशी सापडली. दख्खनच्या गावात पाटील, कुणबी, माळी, महार आणि मांग एकाच शिवारात राहत होते. पण एकाने दुसऱ्याच्या कर्जासाठी आपली जमीन पणाला लावावी असे कोणते नाते त्यांच्यात होते? एकाच विहिरीवर पाणी भरण्याचाही अधिकार जेथे सर्वांना नव्हता, तेथे एकमेकांसाठी अमर्यादित जबाबदारी ही कलमाने निर्माण होणारी गोष्ट नव्हती. सधन शेतकऱ्याला तर बाहेर राहणे अधिक सोयीचे होते. त्याला संस्थेच्या कर्जाची गरज नव्हती, जोखीम मात्र सर्वांत जास्त त्याचीच होती, आणि अनेकदा तो स्वतःच गावात व्याजाने पैसे लावीत असे.

दोन ख्रिस्ती प्रयोग

याच कायद्याच्या चौकटीत धर्मसमाजाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या संस्थांकडे पाहिल्यास तुलना अधिक स्पष्ट होते. छोटा नागपूरमधील जर्मन जेज्विट धर्मगुरू योहान हॉफमान (१८५७-१९२८) हे मुंडारी भाषेचे व मुंडांच्या खुंटकट्टी जमीनव्यवस्थेचे जाणकार होते. बिरसा मुंडा यांच्या उठावानंतर आलेल्या १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्याच्या घडणीत त्यांच्या अभ्यासाचा वाटा होता. बिरसांचा उठाव मिशनऱ्यांच्याही विरुद्ध होता, हे येथे विसरून चालणार नाही. या कायद्याने आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घातले. साहजिकच जमिनीच्या तारणावर मिळणारे कर्जही आटणार होते. १९०९ मध्ये हॉफमान यांनी रांची येथे कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली, हा क्रम योगायोगाचा वाटत नाही. कायद्याने जमीन राखली आणि संस्थेने सावकाराची जागा घ्यावी, असा तो दुहेरी विचार होता. त्यामागे रायफायझन यांच्या जोडीला पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या 'रेरम नोव्हारम' या परिपत्रकातून आलेली कॅथॉलिक सामाजिक शिकवणही होती. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून हॉफमान यांना १९१५ मध्ये मायदेशी पाठविण्यात आले.

वसईत १९१८ मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक पतसंस्था निघाली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने वाढली. वसईच्या बागायतदार समाजात धर्मग्राम ही जिवंत सामाजिक संस्था होती. धर्मगुरूला प्रत्येक घर ठाऊक होते. निकल्सन ज्या माणसाच्या शोधात होते तो येथे आधीच हजर होता.

या दोन उदाहरणांवरून श्रद्धा असेल तेथे सहकार यशस्वी आणि नसेल तेथे अयशस्वी, असा सरळ सिद्धान्त मांडणे योग्य होणार नाही. जर्मनीतही संस्था केवळ प्रीतीवर जगल्या नाहीत. साक्षर शेतकरी, विश्वसनीय जमीननोंदी, मध्यवर्ती निधी आणि १८९५ नंतर प्रशियाच्या सरकारी सहकारी बँकेचा आधार, हे सर्व तेथे होते. शिवाय धर्मग्रामाची जवळीक ज्यांना आत घेते त्यांच्यापुरतीच असते. रांची आणि वसई येथील संस्थांच्या नावातच त्यांची सीमा लिहिलेली होती. सार्वजनिक धोरणाला ही सीमा मान्य करता येत नाही, आणि ती ओलांडताच विश्वासाचे ते भांडवलही हाती राहत नाही. सहकारी कायद्याची खरी अडचण येथे होती.

१९५४ चा अहवाल

एडवर्ड मॅक्लॅगन समितीने १९१५ मध्ये सहकाराच्या नैतिक अंगावर भर दिला होता, आणि सभासदांच्या शिक्षणाविना संस्थांची संख्या वाढविण्याविरुद्ध इशारा दिला होता. संख्या वाढतच राहिली. १९३० च्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, थकबाकी साचली आणि अनेक गावांत अमर्यादित जबाबदारीचा अर्थ प्रथमच लोकांच्या ध्यानात आला. तो अर्थ शेजाऱ्याच्या कर्जासाठी स्वतःच्या मालमत्तेवर येणाऱ्या जप्तीचा होता.

ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५१-५२ मधील पाहणीच्या आधारे १९५४ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी अहवाल सादर केला. धनंजयराव गाडगीळ हे तिचे एक सदस्य होते. शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के, व्यावसायिक सावकारांचा ४४.८ टक्के आणि शेतकरी सावकारांचा २४.९ टक्के असल्याचे या पाहणीत दिसून आले. शेवटचा आकडा अधिक बोलका आहे, कारण तो 'उपऱ्या' सावकाराचा नसून गावातल्याच शेजाऱ्याचा आहे. समितीने मोठ्या आकाराच्या संस्था, राज्य सरकारची भागीदारी आणि मर्यादित जबाबदारी यांची शिफारस केली. शासनाने ती स्वीकारली, आणि हेडेसडॉर्फहून आलेले ते तत्त्व भारतीय ग्रामीण पतव्यवस्थेतून क्रमाक्रमाने बाजूला पडले.