गाणं कुणाचं? एका सहीचा इतिहास

आजच्या भागात प्रश्न एकच. सिनेमातलं गाणं रेडिओवर वाजलं, तर त्याचे पैसे कुणाला मिळायला हवेत? ‘ज्यांनी लिहिलं, चाल लावली त्यांनाही,’ असं तुम्ही पटकन म्हणाल. पण हे उत्तर कायद्यात पक्कं व्हायला कित्येक दशकं लागली.

१९६९ साली मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, सुरू झाली. कल्पना साधी होती. थिएटर, हॉटेल, रेडिओ असं दारोदार फिरून एकटा गीतकार वसुली कशी करणार? म्हणून सगळ्यांच्या वतीने संस्थेने लायसन्स द्यायचं, पैसे गोळा करायचे आणि सभासदांना वाटायचे. संस्थेने दरपत्रक जाहीर केलं आणि सिनेमावाल्यांनी हरकत घेतली. कॉपीराइट बोर्डात संस्था जिंकली, कलकत्ता हायकोर्टात हरली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

१९७७ साली निकाल लागला. १९५७ च्या कायद्याप्रमाणे निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं असेल आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर गाण्याचा पहिला मालक निर्माताच.

‘वेगळं काही ठरलं नसेल तर’ या शब्दांतच सगळी मेख आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही डिफॉल्ट सेटिंग. बदलता येते, हे खरं. पण नवा गीतकार निर्मात्यासमोर बसून अटी कशा घालणार? काम मिळतंय ना, मग कर सही! त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक वेगळी टीप जोडली. कलावंतांवर, विशेषतः गायकांवर, कायद्यात अन्याय होतोय, संसदेने याचा विचार करावा, असा तिचा सूर होता.

मोठा बदल व्हायला त्यानंतर ३५ वर्षं गेली. २०१० मध्ये गीतकार जावेद अख्तर राज्यसभेवर नियुक्त झाले आणि त्यांनी हा विषय लावून धरला. २१ जून २०१२ पासून दुरुस्ती लागू झाली. आता सिनेमातल्या गाण्याचे गीतकार आणि संगीतकार कॉपीराइट विकू शकतात, पण रॉयल्टीचा समान वाटा सोडून देऊ शकत नाहीत. तसं करारात लिहून घेतलं, तरी ते कलम रद्दबातल. हा हक्क फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. अपवाद एकच: थिएटरमध्ये सिनेमासोबत वाजणारं गाणं.

म्हणजे सही करणाऱ्याची ताकद वाढली नाही, पण सहीने काय काय जाऊ शकतं, त्याला कायद्याने कुंपण घातलं. तरी भांडण संपलं नव्हतंच. एफएम वाहिन्यांनी गीतकार-संगीतकारांना वेगळी रॉयल्टी द्यायची का, यावर मुंबई हायकोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये ‘द्यायची’ असं सांगितलं.

तुमच्यापैकी कुणी गाणी लिहीत असेल, चाली बांधत असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हक्क देताना करारात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. म्हणून समोरचा ‘कायमचे आणि जगभर’ हे शब्द आठवणीने टाकतो. सही करण्याआधी ते दोन शब्द शोधा. आणि त्यांची किंमत विचारा!